‘काल का नाही गेलात?’ : दर्यावरच्या हवेचे शब्द गोळा करताना

ऑक्टोबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या अकरा महिन्यांत सातपाटी (पालघर), हर्णै (रत्नागिरी) आणि मालवण (सिंधुदुर्ग) या तीन बंदरांवर जाऊन मच्छीमारांच्या तोंडचे वारा, पाऊस, आभाळ आणि पाण्याच्या चालीचे शब्द आम्ही दोघांनी जमवले. चारशेच्या वर नोंदी झाल्या होत्या, छापताना १७३ राहिल्या. उरलेल्या का गळल्या हे समजायलाच निम्मा वेळ गेला. असं काम कुणाच्या मनात असेल तर पुढचा मजकूर उपयोगी पडेल. वेळ, पैसे, कागदपत्रं आणि चुका जशा घडल्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिले तीन आठवडे घरीच बसून काढले आणि ते वाया गेले नाहीत. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८, सात खंड) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. महाराष्ट्र शब्दकोशात शब्दापुढे (को.), (गो.), (कु.) अशा प्रदेशांच्या खुणा असतात, त्या आधी उतरवून घ्याव्यात. यात अर्थ शोधणं हा हेतू नव्हता. काय आधीच नोंदलेलं आहे हे माहीत असलं की बंदरावर प्रत्येक शब्दाने हरखून जायला होत नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) मराठीच्या बोलींचा आहे. तोही चाळला, पण हवेसाठी तो फारसा कामाचा नाही. त्यातले बहुतेक नमुने बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे आहेत. त्या गोष्टीत दुष्काळ आहे, वारा कुठेच नाही.

कान तयार करायला मात्र डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं आधी ऐकावीत. कोळी बोलीत ‘ळ’ चा ‘ल’, ‘ण’ चा ‘न’ आणि पुष्कळ ठिकाणी ‘ड’ चा ‘र’ होतो. म्हणजे आभाळाचं ‘आभाल’, पाण्याचं ‘पानी’, होडीची ‘होरी’. मालवणीत पुल्लिंगी नामं ओकारान्त होतात : ‘वारो सुटलो’, ‘पावस इलो’. हे आधी कानावर नसेल तर पहिल्या दिवशी नुसत्या उच्चारभेदाला नवा शब्द समजून वही भरते. आमची भरली. गळलेल्या नोंदींत साठ तरी अशाच होत्या.

आता कागदपत्रं. धक्क्यावर उभं राहून गप्पा मारायला परवानगी लागत नाही, पण हातात रेकॉर्डर दिसला की लागते. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या नोंदी आणि पहारा दोन्ही कडक झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. आम्ही दोन वाटांनी गेलो. पहिली वाट मच्छीमार सहकारी सोसायटीची. चेअरमनच्या नावाने एक पानी अर्ज, त्यात काय रेकॉर्ड करणार, कुणाचं, किती दिवस आणि त्याचं पुढे काय होणार हे चार ओळींत. सोबत आधारची झेरॉक्स. तीनही ठिकाणी आठवड्याच्या आत होकार आला. दुसरी वाट मत्स्यव्यवसाय खात्याच्या एका जिल्हा कार्यालयाची. तिथे अर्ज दिला ३ ऑक्टोबरला आणि पत्र हातात पडलं ९ नोव्हेंबरला, म्हणजे सदतीस दिवसांनी. मधल्या काळात एकदा ‘हा विषय आमचा नाही’, एकदा ‘संस्थेचं लेटरहेड आणा’ आणि एकदा ‘साहेब बैठकीला गेलेत’. आलेलं पत्र पाच ओळींचं होतं. त्याचा उपयोग अकरा महिन्यांत दोनदाच झाला, पण झाला तेव्हा त्याच्यावाचून अडलं असतं. इथे एकच गोष्ट सांगण्यासारखी. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का त्याच दिवशी मारून घ्या. तो नसेल तर तिसऱ्या खेपेला ‘अर्ज दिसत नाही’ ऐकावं लागतं.

बोटीवर जाण्याचा विचार सोडून द्यावा. बोटीवरच्या माणसांची ओळखपत्रासह नोंद असते. आपल्यासाठी नाखव्याने जोखीम घ्यावी असं सुचवणंही बरं नाही. शिवाय इंजिनाच्या आवाजात रेकॉर्डिंग होत नाही ते वेगळंच.

सातपाटीला पहिली खेप नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवाळीनंतर. पालघर स्टेशनवरून एसटी किंवा रिक्षा. सोबत एकशेवीस प्रश्नांची छापील यादी होती : वादळाला काय म्हणता, धुक्याला काय म्हणता, हलक्या वाऱ्याला काय म्हणता. दोन दिवसांत ती यादी पिशवीत गेली. असं विचारलं की माणूस टीव्हीवरचा शब्द देतो. वादळाला ‘चक्रीवादळ’, जोराच्या पावसाला ‘अतिवृष्टी’, धोक्याला ‘अलर्ट’. चूक त्याची नाही. शहरातून आलेल्या, वही घेतलेल्या माणसाशी ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत तो बोलतो.

प्रश्न उलटा केला तेव्हा शब्द येऊ लागले. ‘काल का नाही गेलात?’ ‘परवा लवकर का वळलात?’ ‘उद्या निघणार का, आणि नाही तर कशावरून?’ या तीन प्रश्नांवर पुढचे नऊ महिने निघाले. हवेचा शब्द दर्यावर वर्णनासाठी वापरलाच जात नाही, तो निर्णयासाठी वापरला जातो. म्हणून आमच्या तक्त्यात ‘अर्थ’ या रकान्याच्या आधी ‘मग काय केलं’ हा रकाना आला : निघाले, थांबले, जाळं उचललं, खाडीत शिरले, नांगर टाकून राहिले. हा रकाना कोरा राहिला तर नोंद अर्धी समजायची. असं पुढे शंभरेक वेळा झालं.

याचाच दुसरा धडा म्हणजे नामांपेक्षा क्रियापदं जपून ऐकायची. ‘पाऊस पडला’ म्हणजे आला, ‘वारा पडला’ म्हणजे गेला. मालवणात ‘वारो पडलो’ हे एवढंच वाक्य शिडाच्या होडीवाल्याला अडचणीचं आणि वावरीचं जाळं लावणाऱ्याला सोयीचं असू शकतं. पाऊस ‘लागतो’ म्हणजे बसून राहतो, ‘उघडतो’ म्हणजे थांबतो. वारा ‘सुटतो’, ‘फिरतो’, ‘धरतो’. मळभ ‘धरतं’ आणि ‘फाकतं’. भरती-ओहोटी ‘लागते’, पाणी ‘चढतं’, ‘उतरतं’, ‘वळतं’. यातला प्रत्येक शब्द आपल्याला येतो, म्हणूनच तो सुटतो. पहिल्या खेपेच्या वहीत एकही क्रियापद नव्हतं. रेकॉर्डिंग होतं म्हणून वाचलो, नाही तर ती खेप फुकट होती.

सर्वांत जास्त घोळ दिशांचा झाला, आणि तो नीट समजावून सांगण्यासारखा आहे.

हवामानशास्त्रात वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचं नाव असतं. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. पण बोलताना माणूस हात कुठे करतो? काही जण वारा जिकडून येतो तिकडे, काही जण जिकडे जातो तिकडे. त्यात भर म्हणजे किनाऱ्यावर दिशा सांगायच्या किमान तीन रीती एकाच वेळी चालू असतात. एक उत्तर-दक्षिण अशी. दुसरी जमीन आणि दर्या अशी. तिसरी ‘वर’ आणि ‘खाली’ अशी, आणि ‘वर’ म्हणजे किनाऱ्याने कुठल्या बाजूला, की डोंगराकडे, की खोल पाण्याकडे, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असतं. ‘वरचा वारा’ असा शब्द मिळाला आणि तो उत्तरेचा असं आपण परस्पर लिहून टाकलं, की नोंद चुकलीच असं धरून चालावं.

यावरचा उपाय साधा निघाला. दिशा विचारायचीच नाही. ‘तो वारा तोंडावर घ्यायचा तर कुठे तोंड करून उभे राहाल?’ असं म्हणायचं, माणसाला खरोखर उभं करायचं आणि त्याच्या नाकाच्या रेषेत होकायंत्र धरून अंश लिहायचे. फोनमधलं होकायंत्र चालतं, पण विंच, लोखंडी बोट, डिझेलची पिंपं यांच्यापासून दहा-बारा पावलं लांब जाऊन. आधी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्यावा. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य आहे, तेवढी एक कटकट वाचते. हर्णैला एकाच शब्दासाठी चौघांनी दाखवलेल्या दिशा तीस अंशांच्या आत आल्या तेव्हा तो शब्द पक्का केला. दुसऱ्या एका शब्दासाठी शंभर अंशांचा फरक निघाला. तो शब्द दिशेचा नव्हताच, वेळेचा होता. सकाळी जो कुठलाही वारा येईल त्याला ते तसं म्हणत होते.

डिसेंबर-जानेवारीत मतलई वाऱ्यावर बराच वेळ गेला. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते आणि उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून दर्याकडे वारा वाहतो, तो मतलई. दुपारी उलटा, दर्याकडून येणारा, तो खारा वारा. शिडं होती तोवर पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, असा दिवसच त्या दोन शब्दांवर बेतलेला होता. इंजिन आल्यावर शब्दाचं काम गेलं. साठीच्या पुढच्या तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांनी, मतलई कुठल्या महिन्यात किती वाजता पडते हे सांगितलं. विशीतल्या खलाशांनी ‘मतलई म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला’ असं सांगितलं. दोन्ही उत्तरं नोंदवायची असतात. शब्द माहीत असणं आणि वापरात असणं यांचे दोन वेगळे रकाने हवेत. आमचे सुरुवातीला नव्हते, म्हणून जानेवारीत जुन्या सगळ्या नोंदी परत ऐकाव्या लागल्या.

गंमत अशी की मतलईचा सर्वांत जिवंत वापर बोटीवर नव्हता, सुकवणीच्या जागेवर होता. बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगणाऱ्या बायकांना हा वारा हवा असतो, कारण तो कोरडा असतो. दर्याकडचा वारा ओल घेऊन येतो आणि अर्धवट सुकलेला माल सादळतो. ‘सादळणे’ हा शब्द घरच्या पापडांमुळे आपल्याला माहीत आहे. इथे त्याला पैशाची धार आहे, सादळलेल्या बोंबलाचा भाव पडतो. त्यांच्याकडे दव, ऊन, मळभ आणि दमटपणाचे बारकावे पुरुषांपेक्षा जास्त सापडले. फक्त धक्क्यावर बसलात तर हा सगळा भाग हातून जाईल. त्यांना वेळ असतो दुपारी, माल उलटून झाल्यावर. सकाळी लिलावाच्या वेळेला वही काढू नये.

भरती-ओहोटी हवेत धरायची की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी धरली, कारण ती सोडून वाक्यच पुरं होत नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतर कमी. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत काम आणि भांगात विश्रांती. त्याच वाऱ्याचा उधाणात एक अर्थ, भांगात दुसरा. वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून असेल तर लाट तोकडी, उभी होते आणि छोट्या होडीला त्रास देते. म्हणून प्रत्येक नोंदीवर तारखेबरोबर तिथी लिहायला लागलो. पूर्ण भरतीची वेळ काढायला कोकणात तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आत-बाहेर. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस, म्हणून गणित जमतं. ते मुंबईच्या आसपास बरं जमतं. दक्षिणेकडे भरती आधी येते, त्यामुळे मालवणात वजाबाकी करावी लागते. आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा. मुंबई-पालघरकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, सिंधुदुर्गात ती दोन मीटरच्या आसपास असते. सातपाटीला पाण्याच्या चालीचे शब्द भरपूर आणि मालवणात त्या मानाने कमी मिळाले, त्याचं कारण बोलीत शोधत बसायची गरज नाही.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, एक वाहिनी, वेव्ह स्वरूप. तासाला सुमारे ३२० मेगाबाइट जागा लागते. माइकला फोमची टोपी किनाऱ्यावर पुरत नाही, केसाळ टोपी लागते. वाऱ्याचे शब्द गोळा करताना वाऱ्यानेच तीन तासांचं रेकॉर्डिंग खाल्लं. तोंडापासून माइक एक वीत लांब, किंचित बाजूला. सुरुवातीला आपणच ठिकाण, तारीख, तिथी, त्या क्षणी वारा कसा आहे हे बोलून ठेवावं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवू नये, आवाज दाबला जातो आणि ‘ळ’-‘ल’ चा फरक पुन्हा ऐकू येत नाही. संमती तोंडीच घ्यावी पण रेकॉर्ड करून : नाव छापायचं का, आवाज लोकांना ऐकवायचा का, नंतर काढून टाका म्हणालात तर कसं कळवायचं. बऱ्याच जणांनी नाव नको, पण गावाचं नाव हवं असं सांगितलं.

मार्च ते मे या काळात वाऱ्याचा जोर मोजायचा प्रयत्न केला. हातात धरायचं वारामापक उसनं मिळालं. एखाद्याने ‘आज एवढा वारा, याला असं म्हणतात’ असं सांगितलं की दोन मिनिटांची सरासरी घ्यायची. यात दोन गोष्टी बिघडतात. अधिकृत वेग दहा मीटर उंचीचा असतो, आपला हात दोन मीटरवर, तिथे आकडा कमीच येतो. आणि धक्क्यावर इमारतींची, बोटींची आड असते. त्यामुळे आमचे आकडे छापले नाहीत. त्याऐवजी पाण्याच्या खुणा घेतल्या : लाटांच्या शेंड्यांवर पांढरं दिसतं का, तुरळक की सगळीकडे, फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले जातात का. ब्यूफर्ट मोजपट्टी याच खुणांवर बेतलेली आहे. तुरळक पांढरे शेंडे म्हणजे तिसरी पायरी, ताशी १२ ते १९ किलोमीटर. सहावी म्हणजे ३९ ते ४९. खुणेवरून पायरी लावता येते आणि तांडेलालाही आपण काय विचारतोय ते कळतं. फोटो दाखवून विचारू नका, फोटोत लाट नेहमी सपाट दिसते आणि सगळे हसतात.

तरीही शब्दाला थेट आकडा चिकटवणं चूकच. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘समुद्र खवळलेला’ असतो तेव्हा त्यामागे अडीच ते चार मीटर लाटांची व्याख्या असते. उलांडीची, म्हणजे तोलासाठी बाजूला लाकूड बांधलेली, छोटी होडी घेऊन जाणाऱ्याला दीड मीटरला दर्या खवळलेलाच असतो आणि सहा सिलिंडरच्या ट्रॉलरवाल्याला त्याच दिवशी ‘काय नाय आज’. म्हणून प्रत्येक जोरदर्शक शब्दापुढे होडीचा प्रकार लिहिला. बंदरावर लागणाऱ्या इशाऱ्याच्या बावट्याचं मात्र तसं नाही. ‘तीन नंबरचा बावटा’ हा शब्द तीनही बंदरांत एकाच अर्थाने मिळाला, कारण तो वरून आलेला आहे : बंदरावर जोराचे झंझावाती वारे येण्याची शक्यता, स्थानिक सावधानतेचा इशारा. एक नंबर म्हणजे लांब समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र. अशी क्रमांकांची शिडी अकरापर्यंत जाते. हे शब्द बोलीचे नाहीत म्हणून आधी वगळले होते, नंतर घेतले. लोक वापरतात ते बोलीचं, एवढंच.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली. ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवस यांत्रिक बोटी किनाऱ्यावर. आगोटीची धावपळ मेच्या शेवटच्या आठवड्यात असते. बोटी ओढायच्या, शाकारायच्या, जाळी वाहून आणायची. तेव्हा कुणाला थांबवून प्रश्न विचारू नयेत. ‘आगोट’ हा शब्दच असा आहे की तो पावसाळ्याच्या तोंडावर लागणाऱ्या सगळ्या तयारीसह येतो, नुसतं ‘पावसाळ्याची सुरुवात’ लिहिलं तर त्यातलं काम निघून जातं. पुढे जूनच्या मध्यापासून जाळी दुरुस्त करत माणसं ओटीवर, शेडमध्ये बसलेली असतात आणि बोलायला मोकळी असतात. अख्ख्या कामातली सर्वांत चांगली रेकॉर्डिंगं याच सहा आठवड्यांची आहेत. फक्त एक लक्षात ठेवायचं : हिवाळ्याचे शब्द जूनमध्ये विचारले तर आठवून, जुळवून सांगितले जातात. म्हणून बंदीच्या काळात नवे शब्द कमी मागितले आणि आधी मिळालेले तपासून घेतले.

पाऊस नक्षत्रांनी मोजला जातो, हे शेतीपुरतं आहे असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. मिरगाच्या आधी बोटी वर, हा हिशेब बंदीच्या सरकारी तारखेच्या कितीतरी आधीचा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आश्लेषा नक्षत्र ऑगस्टच्या सुरुवातीला लागतं, बोटी पुन्हा पाण्यात घालण्याच्या दिवसांत, त्यामुळे त्यातल्या सरींबद्दल बोलणं जास्त आणि चिंतेने होतं. नक्षत्राच्या तारखा पंचांगातून घ्याव्यात, दरवर्षी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

जुन्या आठवणींना तारीख लावायला वादळांची नावं फार कामाला येतात. ‘किती वर्षांपूर्वी’ विचारलं तर उत्तर दहा-वीस असं गोल येतं. ‘फयानच्या आधी की नंतर?’ विचारलं की नेमकं येतं. फयान नोव्हेंबर २००९, ओखी डिसेंबर २०१७, निसर्ग ३ जून २०२०, तौक्ते मे २०२१. हा चार ओळींचा कागद वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवा. मात्र फयानचा विषय निघाला की काही घरांत पुढचं रेकॉर्डिंग बंद करावं लागतं. ते आपणहून बंद करावं, समोरच्याने सांगायची वाट पाहू नये.

उतरवून काढायला एका तासाच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास लागतात. एलान हे नेदरलँड्‌समधल्या माक्स प्लांक संस्थेचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आवाजाच्या तुकड्याखाली देवनागरीत लिहिता येतं आणि नंतर नुसतं क्लिक करून तोच तुकडा ऐकता येतो. उच्चार दुरुस्त करायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लावावा. ‘वादल’ म्हटलं तर ‘वादल’. प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात. एका अनपेक्षित ठिकाणी मात्र चार दिवस गेले. ‘वाऱ्या’ मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित होतो, नुक्त्याच्या र ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाही. दोघांचे कळफलक वेगळे असल्यामुळे यादीतला सर्वांत महत्त्वाचा शब्दच दोन जागी विभागला गेला होता आणि शोधल्यावर निम्म्याच नोंदी येत होत्या. पहिल्याच दिवशी एक पद्धत ठरवा.

गाळणीचे नियम असे ठेवले. किमान तीन माणसं, त्यातली दोन वेगवेगळ्या पिढ्यांची, आणि एकमेकांच्या समोर नसताना. घोळक्यात विचारलं की सर्वांत वडीलधारा बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. आपण शब्द सुचवला आणि ‘हां, म्हणतात’ आलं, तर ती पुष्टी मोजायची नाही. तिच्यासाठी ‘सुचवलेला’ अशी वेगळी खूण. एकाच माणसाकडून मिळालेले चांगले शब्द टाकवत नव्हते, ते परिशिष्टात घेतले, ‘एकच नोंद’ असं स्पष्ट लिहून. ‘वावधान’, ‘वावदान’, ‘वावधन’ अशी रूपं वेगळ्या नोंदी नाहीत, एकाच शब्दाखाली येतात. या सगळ्यातून चारशेचे १७३ झाले.

खर्च २३,४०० रुपये. रेकॉर्डर ९,८००, केसाळ टोपी ६५०, दोन मेमरी कार्डं १,९००, पाच खेपांचा प्रवास-मुक्काम ८,६०० आणि साठ पुस्तिकांची छपाई २,४५०. माहिती देणाऱ्यांना रोख दिली नाही. ते आधीच सोसायटीत बोलून ठरवलं होतं आणि सोसायटीचंच म्हणणं तसं होतं. चहा झाला, नंतर पुस्तिका दिल्या.

पुस्तिका मुक्त परवान्याने द्यावी का, यावर घाई करू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. शब्द आणि अर्थ आम्ही मोकळे केले, ते मराठी विक्शनरीवर जाऊ शकतात. आवाज मोकळे केले नाहीत. एका ठिकाणी ‘हे शब्द घेऊन काय करणार?’ असं रोखठोक विचारलं गेलं, तेव्हा कल्लक्कडलचं उदाहरण दिलं. केरळातल्या मच्छीमारांचा शब्द, चोरासारखा येणारा समुद्र. लांबून येणाऱ्या फुगलेल्या लाटांनी वारा नसतानाही किनारा बुडतो, त्याला. आज समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या इशाऱ्यांत तो मल्याळी शब्द तसाच छापून येतो. हे उत्तर पटलं की नाही माहीत नाही, पण नंतरचं बोलणं तासभर चाललं.

१९ ऑगस्ट २०२४ ला नारळी पौर्णिमा होती. त्याच्या आदल्या आठवड्यात पुस्तिका तीनही ठिकाणी पोहोचवल्या, प्रत्येक पानाला रुंद समास सोडून. पंधरा दिवसांनी फोन करून दुरुस्त्या मागितल्या. सत्तावीस आल्या. त्यातल्या दिशेच्या अकरा होत्या, महिन्यांच्या नऊ, होडीच्या प्रकाराच्या चार. दोन शब्द ‘आमच्यात नाही, शेजारच्या पाड्यात म्हणतात’ म्हणून खोडले गेले. आणि एका समासात पेन्सिलीने तीन नवे शब्द लिहून आले, अर्थ न देता, खाली ‘या मग सांगतो’ एवढंच.